दुष्काळातले ओले केस

दिगूमामाचे केस ओले आहेत हे घरात सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं. ते मलाच दिसणार होतं. माझी लहानपणापासूनची खोड आहे, कुणी दारात आलं की आधी त्याच्या चपलांकडं बघायचं, मग हातांकडं आणि शेवटी तोंडाकडं. आई म्हणायची, ही पोलिसात जायची ती चुकून माझ्या पोटी आली. साठी ओलांडली तरी खोड गेलेली नाही. भाजीवाला आपणहून जास्तीची कोथिंबीर घालतो तेव्हा मी जुडी उलटी करून आतली पानं तपासते. तर त्या सकाळी मामा मागच्या दारानं आत आला, स्टोव्हजवळ पाट ओढून बसला आणि चहा मागू लागला. त्याच्या कानामागून पाण्याचा एक थेंब ओघळून सदऱ्याच्या कॉलरमध्ये गेला. एरवी ही काही सांगायची गोष्ट नव्हे. पण आम्ही तिघी बायकांनी आठ दिवसांत डोक्यावरून पाणी घेतलेलं नव्हतं, आणि हा गडी न्हाऊन आला होता.

दुष्काळाचा तो दुसरा की तिसरा उन्हाळा. आम्ही राहायचो गारखेड्याच्या पुढं, तेव्हाच्या औरंगाबादच्या अगदी कडेला. आता तिथं मॉल आहे आणि गावाचं नावही बदललंय. तेव्हा दर महिन्याला गल्लीत एक नवं घर उभं राहायचं, दुपारी बाराला खदानीचा भोंगा व्हायचा, मग सुरुंगाचा दणका, आणि आईच्या मांडणीवरची पितळी भांडी किणकिणायची. माणसं ट्रकनं येत होती आणि पाणी काही येत नव्हतं. नळ चौथ्या दिवशी अर्धा तास, तोही करंगळीएवढा. बाकी सगळी भिस्त टँकरवर. आई भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची. भाकरी आम्ही हातावर घ्यायचो, चटणी भाकरीवर, म्हणजे ताट धुवायला नको. वरणाचं पाणी, तांदळाचं पाणी, तोंड धुतल्याचं पाणी, प्रत्येक पाण्याचा दुसरा उपयोग ठरलेला होता. आणि यावर कडी म्हणजे माझे वडील, अण्णा, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते. त्यामुळं गल्ली आमच्याकडं आधीच तिरक्या नजरेनं बघायची. अण्णांनी कचेरीतून कधी टाचणी घरी आणली नाही, पण हे सांगून कुणाला पटतं?

आमच्या घराचा खरा आवाज कुठला म्हणाल तर नंदाच्या तळव्यांचा. नंदा माझी धाकटी बहीण. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. ती फरशीवर तळवे टेकून, अंग उचलून पुढं सरकायची. थप, थप, थप. त्या आवाजावरून ती स्वयंपाकघरात आहे की ओसरीत, रागावलीय की खुशीत, हे मला न बघता कळायचं. दहावीला तिला वर्गात पहिल्या तिघांत नंबर मिळाला होता आणि त्यानंतर ती घरी बसली होती, कारण कॉलेजात तिला रोज उचलून कोण नेणार? पुण्याच्या एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की गुडघ्यात आखडलेल्या शिरा ऑपरेशननं मोकळ्या केल्या, तर पायांना लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर लावून आणि काठ्या घेऊन ही पोरगी उभी राहील, चालेल. मात्र उशीर करू नका, वर्षभरात करा, नंतर पाय सरळ व्हायचे नाहीत. अण्णांच्या पगारात ते बसत नव्हतं. आईच्या पाटल्या आधीच्याच दवाखान्यांत गेल्या होत्या. वर्षातले चार महिने सरले होते आणि घरात त्या विषयावर कुणी बोलत नव्हतं.

आणि मामा. आईचा हा एकुलता एक भाऊ, फर्दापूरचा. तिथं लेणी बघायला येणाऱ्या लोकांना तो माहिती सांगत हिंडायचा. माहिती म्हणजे मनाला येईल ते. कुठल्याशा राजाच्या सात राण्यांची गोष्ट त्यानं एका जर्मन बाईला रडेपर्यंत सांगितली होती, आणि त्यातली एकही राणी कुठल्या पुस्तकात नव्हती. मग चहाची टपरी, मग विमा, मग आमच्याकडं औरंगाबादला कारखान्यात चिकटतो म्हणून आला तो तीन कारखाने बदलून ओसरीवर मुक्कामाला राहिला. वय चौतीस, लग्न नाही. माझा त्याच्यावर जीव होता, विश्वास मात्र चिमूटभर नव्हता. म्हणून केस ओले दिसताच मी चहाचा कप देण्याच्या निमित्तानं वाकले आणि वास घेतला. साबणाचा नाही, नळाच्या पाण्याचा नाही. शेवाळाचा. विचारलं तर म्हणाला, घाम आलाय. चार दिवस मी पाळत ठेवली. पहाटे बाहेर पडायचा, सातच्या सुमाराला ओल्या केसांनी यायचा, आणि आल्यावर भाकऱ्या किती खायचा म्हणता? सहा. वर गूळ-शेंगदाणे. आईनंही हात थांबवून त्याच्याकडं बघितलं होतं, पण भावाला जेवताना टोकायचं कसं म्हणून तिनं पुढची भाकरी थापायला घेतली.

मला दोन शक्यता दिसत होत्या. एक तर मामाचं कुठं तरी सूत जमलं होतं आणि ती बाई विहिरीची मालकीण होती, किंवा मामानं अण्णांच्या नावावर कुठल्या तरी टाकीवर हात मारला होता. दुसरी शक्यता जास्त भयंकर होती, म्हणून मला तीच जास्त खरी वाटली. आणि मग मी ती चूक केली. टँकरची वाट बघत उभी असताना समोरच्या काळे काकू काहीतरी विचारत होत्या. त्यांच्याजवळ मी बोलून गेले की मामा रोज कुठून तरी अंघोळ करून येतो, देव जाणे कुठून. एवढंच. पण त्या उन्हाळ्यात एवढं पुष्कळ होतं.

आमच्या गल्लीत एक रीत होती. टँकर कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून लोक आदल्या संध्याकाळीच आपापले हंडे-घागरी रांगेत लावून ठेवायचे, वाऱ्यानं पडू नयेत म्हणून आत एकेक दगड घालून. रांगेत हंडा म्हणजे माणूस उभं असल्यासारखंच. त्याला कुणी हात लावायचा नाही, मागं सारायचा नाही. भांडणं झाली, डोकी फुटायची वेळ आली, पण ही रीत कुणी मोडली नव्हती. मी बोलले त्याच्या तिसऱ्या सकाळी आमचे दोन्ही हंडे रांगेत नव्हते. आमच्याच फाटकाशी आणून पालथे ठेवलेले होते, आणि आतले दगड काढून बाजूला नीट मांडलेले. अण्णा कचेरीला निघाले होते, त्यांनी ते पाहिलं आणि सायकल परत भिंतीला लावली. मग ते घरोघर गेले आणि शांतपणे म्हणाले, या, माझं घर बघून घ्या.

मला वाटलं होतं कुणी यायचं नाही, लाजतील. सात-आठ जण आले. न्हाणीघर बघितलं, गच्ची बघितली, मागच्या अंगणात कुठं माती नव्यानं उकरलीय का तेही बघितलं. काळे काकूंनी नंदाच्या कॉटची चादर उचलून खाली वाकून पाहिलं. नंदा कॉटवरच बसली होती. तिनं पाय हातांनी उचलून एका बाजूला घेतले, म्हणजे काकूंना नीट दिसावं. कुणाला काही सापडलं नाही, आणि गल्लीनं त्याचा अर्थ असा काढला की लपवलंय ते पक्कं लपवलंय. अण्णा त्या दिवशी कचेरीत गेले नाहीत, जेवलेही नाहीत. मी माजघरात उभी होते. माझ्या तोंडातून निघालेलं हे सगळं आहे, हे मला ठाऊक होतं आणि सांगायची हिंमत नव्हती. माझी मलाच शिसारी आली. पण माझा स्वभाव असा की शरमेचाही लगेच राग होतो, आणि तो राग मी मामावर काढायचं ठरवलं.

दुसऱ्या पहाटे मी त्याच्या मागावर निघाले. तो जुन्या सायकलवर, मी पायी, पण तो कुठल्या दिशेनं जातो हे मी आधीच हेरून ठेवलं होतं. वस्तीच्या मागं बंद पडलेली दुसरी एक खदान होती. शहरातल्या अर्ध्या घरांचे पाये तिथल्याच दगडाचे. खोदता खोदता खाली झरा लागला आणि खड्डा भरला, तेव्हापासून ती तशीच होती. हिरवंगार, दाट, वास मारणारं पाणी. म्हशीसुद्धा त्याला तोंड लावायच्या नाहीत. मी काठावरून खाली पाहिलं तर त्या हिरव्या पाण्यात मामा ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत सपासप हात मारत चालला होता. कडेच्या दगडाशी पोचला की एक खडा उचलून कपारीत ठेवायचा आणि वळायचा. माझ्या हातात एक धोंडा होता. कशासाठी उचलला होता देव जाणे. मी तो टाकून दिला आणि त्याला हाक मारली.

तो वर आला, टॉवेल गुंडाळून दगडावर बसला आणि धापा टाकत सगळं सांगू लागला. परदेशात म्हणे लोक आधी पोहतात, बाहेर आले की सायकल हाणतात आणि सायकलवरून उतरले की पळतात, मध्ये विसावा नाही. आता पोरंटोरंही ट्रायथलॉन म्हणतात, तेव्हा तो शब्द आमच्या गल्लीत कुणी ऐकलेला नव्हता. मामा आपला 'तिहेरी' म्हणायचा. पैठणला धरणाच्या नाथसागरात पोहायचं, तिथून सायकलनं नक्षत्रवाडीपर्यंत यायचं आणि तिथून पळत आपल्या गल्लीत. लोकांनी त्यावर मदत कबूल करायची, आणि ती सगळी नंदाच्या ऑपरेशनला.

"नंदीला ठाव हाय," तो म्हणाला. "तीच म्हणली, ताईला सांगू नको, ती फाटे फोडील."

"आणि बाकी घराला?"

"सांगितलं असतं तर कुणी मानलं असतं? तू मानलं असतंस?"

"नाही."

"मंग," तो म्हणाला आणि केस पुसू लागला.

आदल्या पहाटे बाहेर पडला तो थेट रात्रीच परतला होता, म्हणून मी त्याला हंड्यांचं सांगितलं, आणि कुणामुळं ते झालं तेही. मला वाटलं होतं, शिव्या घालील. त्यानं फक्त विचारलं की अण्णा जेवले का.

मामानं अण्णांना खदानीचं सांगितलं, आणि पुढच्या रविवारी अण्णांनी सगळ्या गल्लीला तिथं नेलं. काळे काकू काठापर्यंत उतरल्या, बोट बुडवून नाकाशी नेलं आणि पदरानं तोंड झाकलं. कुणी माफी मागितली नाही. संध्याकाळी मी हंडे लावायला गेले तर आमची जागा मोकळी ठेवलेली होती. माफी आमच्या गल्लीत अशीच मागायचे. मामानं मात्र ती गर्दी वाया जाऊ दिली नाही, तिथंच दगडावर चढून त्यानं तिहेरीचं जाहीर करून टाकलं. लोकांनी ऐकून घेतलं, पण चेहरे काही सैल झाले नाहीत. त्याला कारण होतं. त्याआधी एका वर्षी गावात एक सायकलपटू आला होता. मैदानात गोल फिरत सात दिवस सात रात्री खाली न उतरता सायकल चालवणार, लाउडस्पीकरवर गाणी, कपाळावर ट्यूबलाइट फोडून दाखवायचा, बायका पोरांच्या हातून नाणी पाठवायच्या. पाचव्या दिवशी कळलं की त्याला हुबेहूब त्याच्यासारखा भाऊ होता आणि दोघं पाळीपाळीनं झोपत होते. त्या भावांनी आमच्या गावाला पुढच्या कित्येक वर्षांपुरतं शहाणं करून सोडलं होतं.

काळे काकांचं औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. तिथल्या दुकानदारांकडं ते शब्द टाकायला तयार झाले, पण अट घालून. पूर्ण अंतर एकट्यानं पार करायचं, कुणाचा हात नाही, कशाचा आधार नाही. मध्ये कुठंही आधार घेतला तर कुणावर काही बंधन नाही. आणि बरोबर साक्षीला माणूस पाहिजे. कुणाला नेमायचं यावर बराच घोळ झाला. घरचं माणूस चालणार नाही असं एक जण म्हणाला, तेव्हा काळे काकू म्हणाल्या, "शालूला पाठवा. ती सख्ख्या बापाला सोडायची नाही." सगळे हसले आणि मान्य झालं. मला त्या घटकेला जरा अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू.

तयारीचे दोन महिने गेले. काकांची लुना मी चालवायला शिकले आणि पहाटे मामाच्या मागं मागं हिंडू लागले. कपारीतले खडे मी स्वतः मोजायची. पळताना तो कुठल्या झाडाला वळसा घालतो ते बघायची, आणि एकदा त्यानं दोन झाडं आधीच वळण घेतलं तर मी त्याला परत पाठवला. आई त्याला ज्वारीच्या भाकरीवर कच्चं तेल आणि कांदा द्यायची. नंदा दुपारभर बसून शेंगदाणे सोलायची आणि त्याच्या पोटऱ्यांना तीळतेल चोळून द्यायची. तिच्या हातात ताकद फार, सगळं अंग त्यांच्यावर तोलून तोलून. मामा कळवळायचा आणि ती म्हणायची, गप बस, तुझे पाय आहेत तर दुखतायत तरी. मी हे सगळं बघायची आणि मनात म्हणायची, आज-उद्या हा सोडून देणार. दुखलं म्हणेल, कारखान्यात बोलावलंय म्हणेल. शेवटल्या संध्याकाळीसुद्धा मी त्याची पिशवी तपासली, एसटीचं फर्दापूरचं तिकीट सापडतंय का म्हणून. नंदानं ते पाहिलं. उद्या गल्लीच्या तोंडाशी खुर्चीवर बसायचं तिनं कबूल केलं होतं, हार घालायचा नाही या अटीवर, आणि त्या चिंतेनं ती आधीच चिडलेली होती. ती मला म्हणाली, "ताई, माझं उभं राहणं उद्यावर आहे. आज तरी तुझी झडती पुरे कर."

पैठणला पोचलो तेव्हा नाथसागर इतका आत गेला होता की पाण्यापर्यंत चालत जायलाच पाऊण तास लागला. भेगाळलेली जमीन, मग ओला चिखल, मग गुडघाभर चिखल. सागरात बुडालेल्या जुन्या गावांची जोती वर आली होती. एका कोळीदादाच्या होडीत मी आणि काळे काका बसलो. मला पाण्याची भीती वाटते, पण मी होडीच्या कडेला दोन्ही हातांनी धरून मामावरची नजर काढली नाही. तो पोहला. चोख पोहला. एकदाही होडीजवळ आला नाही. बाहेर येताना चिखलात दोनदा पडला आणि दोनदा आपला आपण उठला, मी जागची हललेसुद्धा नाही. मग सायकल. ढोरकीनपर्यंत वारा पाठीशी होता. ढोरकीनला काकांच्या स्कूटरचं चाक बसलं. ते म्हणाले, तू हो पुढं, तू आहेस म्हणजे मी आहेच.

बिडकीन मागं पडलं आणि वारा फिरला. समोरून येणारा तो वारा धुळीनं भरलेला होता आणि उन्हानं तापलेला. मामाचा वेग कमी कमी होत गेला. चिखलातून काढलेले पाय होते ते, पोटरीत गोळा येत असणार, कारण मध्ये मध्ये तो एका पायानं पेडल मारत होता. मी मागं होते, ठरलेल्या अंतरावर. नाथसागराचं पाणी घेऊन शहराकडं निघालेला एक टँकर माझ्या बाजूनं पुढं गेला, हळूहळू, सगळीकडून गळत. तो मामाच्या बरोबरीला आला. मामानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं, मग उजवा हात काढला आणि टँकरच्या मागच्या शिडीला धरलं.

मी लुना जोरात हाणली आणि त्याच्या जवळ गेले. शिडीवरून पाणी त्याच्या मनगटावर, मांडीवर ठिबकत होतं. त्याचे पाय थांबलेले होते. त्यानं मला पाहिलं. डोळे लाल, ओठांवर पांढरी साय. मला वाटलं आता सोडेल, मी बघतेय म्हटल्यावर तरी सोडेल. त्यानं सोडलं नाही. माझ्याकडं बघत बघतच धरून राहिला. माझा अंगठा हॉर्नवर होता. ओरडायला हवं होतं, सोड म्हणायला हवं होतं. मी काही केलं नाही. चितेगाव येईपर्यंत आम्ही तसेच गेलो, टँकर, मामा आणि मी. रस्त्यावर दुसरं कुत्रं नव्हतं. चितेगावला टँकर बाजूला थांबला, मामानं हात काढला, वाकून दोन्ही पाय मारू लागला, आणि त्यानंतर नक्षत्रवाडीपर्यंत एकदाही थांबला नाही.

पळताना तो पडतो की काय असं मला सारखं वाटत होतं. कॅनव्हासच्या बुटातून टाचेशी रक्त आलेलं दिसत होतं. पण पळाला. स्टेशनपासून लोक बाजूनं पळू लागले, गल्लीच्या तोंडाशी तर माणूस मावत नव्हतं. मधोमध खुर्चीवर नंदा बसली होती, हार नव्हता. मामा तिच्या खुर्चीपर्यंत आला आणि जमिनीवर बसला. आईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. टाळ्या झाल्या, पण अर्ध्याच, कारण बाकीचे माझ्याकडं बघत होते. काळे काका टेंपोतून नुकतेच पोचले होते. काकू गर्दीतून पुढं आल्या.

"शालू, तू पूर्ण वेळ होतीस?"

"होते."

"कुठं कशाला हात लावला नाही ना त्यानं?"

मामानं डोळे मिटले होते. अण्णा शर्टाचं बटण चाचपत उभे होते. पालथ्या हंड्यांच्या दिवशी ज्यानं घर बघून घ्या म्हटलं तो हा माणूस. खरं बोलले तर ते मान खाली घालतील पण मला काही म्हणणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि नंदा माझ्याकडं बघत होती. मी थांबले.

"नाही," मी म्हटलं. "मी बघत होते. कशालाच नाही."

मग मात्र सगळ्या टाळ्या झाल्या. कुणीही पुन्हा विचारलं नाही. ज्या पोरीनं आयुष्यात कुणाला संशयाचा फायदा दिला नव्हता, तिचा शब्द होता तो. काळे काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि मला तिथंच रडू फुटलं. लोकांना वाटलं, आनंदानं.

गल्लीनं आणि औरंगपुऱ्यानं दिलेला शब्द पाळला. नंदाचं ऑपरेशन झालं. पुढं ती कॅलिपर लावून कॉलेजात गेली, पोस्टात नोकरीला लागली आणि साहेब म्हणून निवृत्त झाली. काळे काकू दारात उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, बघा, आमच्या गल्लीनं चालवलेली पोरगी. आता त्या नाहीत, मामाही नाही. काकूंना मी शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही. चांगल्या माणसांना फसवलं, हे मी कुठल्याही बाजूनं धुऊन काढू शकत नाही आणि काढायचंही नाही. आजही एखादा माणूस छातीवर हात ठेवून मी स्वतः पाहिलं असं म्हणतो, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार येतो तो हाच, की हा सख्ख्या नात्यातल्या कुणासाठी बोलतोय.

पण मला सांगायचंय ते पुण्याला जायच्या आदल्या दुपारचं. नंदा खाली बसून पत्र्याच्या ट्रंकेत कपडे भरत होती आणि मी तिला एकेक घडी करून देत होते. दोन आठवडे मी ते मनात ठेवलं होतं. मामा माझ्या समोर यायचं टाळत होता. शेवटी मी म्हटलं, नंदा, मला तुला एक सांगायचंय.

"टँकरचं ना?" ती म्हणाली.

माझ्या हातातली घडी सुटली. ती तिनं उचलली, झटकली आणि पुन्हा घातली. मामानं त्याच संध्याकाळी तिच्याजवळ येऊन सांगितलं होतं. गल्लीत जाऊन सगळ्यांसमोर कबूल करतो, शालूला माझ्यापायी खोटं बोलावं लागलं, म्हणून उठला होता. तिनं त्याचा हात धरून खाली बसवला होता आणि आपल्या पायांची शपथ घातली होती, की मरेपर्यंत हे तोंडातून काढायचं नाही. एवढं तिनं रोजच्या आवाजात सांगितलं आणि ट्रंकेत कोपऱ्यात कुठं जागा उरलीय ते बघू लागली.

"आणि मी खरं सांगितलं असतं तर?" मी विचारलं.

"तू सांगणारच होतीस. थांबलीस तेव्हाच मला कळलं, वाटेत काहीतरी घडलंय."

"मग?"

नंदानं ट्रंकेचं झाकण लावलं, त्यावर दोन्ही तळवे टेकून आपलं सगळं वजन टाकलं, आणि कडी बसल्यावर माझ्याकडं बघितलं.

"मग मी चालले नसते, ताई. आणि तुझ्याशी जन्मभर बोललेही नसते. दुसरं तर माझ्या हातात होतं ना."

ती माझी बहीण होती आणि ती बोलली ते तिनं करून दाखवलं असतं. मी कुलूप आणायला उठले.